एकाच पेटीतल्या तीन रायफली

१

एल्मर सार्केला दुपारच्या जेवणाला आला नाही तेव्हा कॅम्पात कुणालाच काही वाटलं नाही. हरणांच्या मोसमाचा पहिला दिवस. एखादा मोठा नर दिसला असेल, बसला असेल त्याच्यामागे. पण तीन वाजले, बर्फ भुरभुरत राहिला, उजेड दुधात पाणी घातल्यासारखा पातळ झाला, तेव्हा विल्बर्ट ट्रेव्हॅरोनं कॉफीचा पेला आपटला आणि म्हणाला, "चला. हा बाबा पाय मोडून पडलाय कुठेतरी."

ओन्नी राउतिओ त्या दिवशी कॅम्पात होता तो निव्वळ योगायोगानं. योगायोग म्हणजे, दर वर्षी पंधरा नोव्हेंबरला त्याची बायको लेम्पी बटाटा-मांस भरलेल्या डझनभर पेस्ट्या फडक्यात बांधून द्यायची आणि तो त्या पोहोचवायला यायचा. स्वतः तो आता शिकारीला जात नसे. खाणीतल्या धुळीनं त्याची छाती निकामी केली होती. गेली अठरा वर्षं तो आल्डर फॉल्स गावात बंदुका दुरुस्त करत होता. सगळं गाव त्याला मिस्त्री म्हणायचं.

ते तिघं निघाले. ओन्नी आणि विल्बर्ट देवदारांच्या दलदलीकडे, आणि लेम्पीचा धाकटा भाऊ नीलो हौताला टेकडीच्या अंगानं. "मी वरून बघतो, दाजी," नीलो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता वळला.

आधी दिसला तो एल्मरचा लाल कोट. चालून घाम आल्यावर अडकवतात तसा एका फांदीवर नीट अडकवलेला. त्याच्यापासून चाळीस पावलांवर एल्मर पालथा पडला होता, अंगात नुसता तपकिरी लोकरी स्वेटर, पाठीवर चार बोटं बर्फ. विल्बर्टनं गुडघ्यावर बसून हातानं बर्फ बाजूला सारला. खाली गोठलेल्या रक्ताची एक रुंद रेघ होती. ती कोटापासून सुरू होत होती.

"हा सरपटत आलाय," विल्बर्ट हलक्या आवाजात म्हणाला. त्याचा मोठा लाल चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. "मिस्त्री, हा लगेच मेला नाही."

डॉक्टरनंही संध्याकाळी तेच सांगितलं. सकाळी उजाडताना केव्हातरी गोळी लागली. छातीतून आरपार. माणूस तासभर तरी जिवंत असावा.

पोलीस उपप्रमुख लिओ बोड्री उंच आणि कमी बोलणारा. त्यानं कोटाच्या मागचं एक कुजकं देवदाराचं झाड चाकूनं पोखरलं आणि गोळी बाहेर काढली. मऊ लाकडात रुतल्यामुळे ती जवळजवळ शाबूत होती. तळहातावर घेऊन त्यानं ती ओन्नीपुढे धरली.

"आठ मिलिमीटर. जर्मन लष्करी रायफल," ओन्नी म्हणाला.

"गावात अशा किती आहेत?"

"तीन. तिन्ही मीच हाताळल्यात."

२

त्या तिन्ही एकाच पेटीतून आल्या होत्या. युद्ध संपून बारा वर्षं झाली होती, आणि हरलेल्या फौजांच्या रायफली जहाजं भरभरून अमेरिकेत उतरत होत्या. हार्डवेअरच्या दुकानात पिंपात फावडी ठेवावीत तशा त्या उभ्या असायच्या. गेल्या वर्षी ओन्नीनं दुकानदाराकडून एक पेटी उघडून घेतली आणि तीन चांगल्या नळ्या निवडल्या. एक विल्बर्टला, एक नीलोला, एक ताउनो केतोलाला.

लष्करी रायफलीची नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी म्हणजे शिपायाच्या तरण्या डोळ्यांसाठी केलेली. देवदाराच्या सावलीत चाळिशीच्या माणसाला त्यांचा काही उपयोग नाही. म्हणून ओन्नी वरच्या पोलादाला भोकं पाडून, आटे कापून दोन बैठका बसवायचा. त्या बैठकांवर कड्यांच्या आधारानं दुर्बीण. बैठका कायमच्या रायफलीवर. वरची दुर्बीण मात्र कड्यांसकट काढता-घालता यायची. काडतूस आत सरकवणाऱ्या खिट्टीची मूठ तापवून वाकवायची, नाहीतर ती दुर्बिणीला थडकते. शेवटी प्रत्येक स्क्रूवर लाखेचा एक थेंब, म्हणजे धक्क्यानं ढिला होऊ नये. तिन्ही रायफलींना त्यानं एकाच साच्यातून भोकं पाडली होती. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळायचा तो फक्त दुर्बिणीवरून. ताउनोची दुर्बीण जुनी होती, डोळ्याकडच्या बाजूला तांब्याची पट्टी गुंडाळलेली. नीलोची कोरी काळी. विल्बर्टला दुर्बीण मानवली नाही. "बर्फ साचला की आत नुसतं पांढरं, घुबडाचं पोट," असं म्हणून त्यानं दोन महिन्यांत ती परत केली. मग ओन्नीनं त्याच्या रायफलीच्या कुशीला दोन वेगळी भोकं पाडून बारीक छिद्राची लोखंडी चकती बसवून दिली.

एल्मर मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुकानात नेहमीसारखी गर्दी होती. मोसमाच्या पहिल्या आठवड्यात कुणाची दुर्बीण आपटलेली, कुणाची नळी बर्फानं बुजलेली. त्यात विल्बर्ट नीलोला जवळजवळ ओढतच घेऊन आला.

"बघा तुमचा मेहुणा! साठ पावलांवर हरीण उभं. उभं म्हणजे फोटो काढायला उभं असल्यासारखं. यानं तीन गोळ्या घातल्या आणि हरीण याच्याकडे बघतच राहिलं. मला वाटलं आता ते याला नमस्कार करून जाणार."

"बर्फावर पडली माझ्या हातून," नीलो पुटपुटला. "काल. गाडीतून उतरताना."

त्याचा चेहरा राखेसारखा होता. पण कालपासून सगळ्यांचेच चेहरे तसे होते.

ओन्नीनं रायफल वाळूच्या खाणीत नेली, पोत्यावर टेकवली आणि शंभर यार्डांवर तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही एकाच जागी, पण चौदा इंच डावीकडे आणि सहा इंच वर. घाईत स्क्रू न बघताच त्यानं दुर्बिणीची नेम सरकवणारी चकती फिरवायला घेतली. एका टिचकीला पाव इंच. तो सवयीनं तोंडानं मोजायचा. छप्पन्न टिचक्या एका बाजूला, चोवीस खाली. पुढच्या तीन गोळ्या काळ्या ठिपक्यात बसल्या.

"घे. आणि पुन्हा पाडू नकोस."

"नाही पाडणार, दाजी." नीलोनं रायफल घेतली, पण तो लगेच गेला नाही. दुकानातल्या शेगडीपाशी बराच वेळ उभा राहिला, हात पुढे करून. मग निघून गेला.

मंगळवारी ताउनो केतोलाला अटक झाली.

३

ताउनोबद्दल गावाला शंका आधीपासूनच होती. तिशीतला माणूस, कोरियातल्या लढाईतून परतल्यापासून दलदलीच्या काठी एकटाच झोपडीत राहणारा, सापळे लावून कातड्यासाठी मिंक ही मुंगसासारखी जनावरं पकडणारा. ऑक्टोबरात त्याचं आणि एल्मरचं झाडांच्या हद्दीवरून दारूच्या गुत्त्यात भांडण झालं होतं, आणि ताउनो सगळ्यांदेखत ओरडला होता, "पुन्हा त्या बाजूला पाय टाकलास तर पायावर परत जाणार नाहीस!"

बोड्रीनं तिन्ही रायफली तपासणीला पाठवल्या. राजधानीहून अहवाल आला. झाडातली गोळी तांब्याची पट्टी असलेल्या दुर्बिणीच्या रायफलीतूनच सुटली होती. ताउनोच्या भिंतीवर ती टांगलेली होती. विल्बर्टची आणि नीलोची त्यांना परत मिळाली.

बुधवारी सकाळी बोड्री ती रायफल घेऊन दुकानात आला. लेम्पीनं त्याच्यापुढे कॉफी आणि वेलदोडा घातलेला गोड पाव ठेवला.

"सरकारी वकिलाला एक कागद हवाय, मिस्त्री. रायफल नीट होती, नेम बरोबर होता, एवढं लिहून द्या. म्हणजे चुकून उडाली, भरकटली असं म्हणायला जागा नको."

"झाडून बघितल्याशिवाय मी लिहून देत नाही."

"मग बघा की."

वाळूच्या खाणीत थंडी डोळ्यांत शिरत होती. ओन्नीनं रायफल हातात घेतली आणि सवयीनं अंगठा कड्यांच्या स्क्रूवरून फिरवला. लाख फुटलेली होती. चारही स्क्रूंवरची.

 आडवा झाला, श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. एक, दोन, तीन. बोड्रीनं निशाणाचा कागद आणला.

चौदा इंच उजवीकडे. सहा इंच खाली.

"हे काय?" बोड्री म्हणाला. "एल्मरला लांबून बरोबर छातीत लागली. अशा रायफलीनं?"

"अशा रायफलीनं गोठ्याला गोळी लागणार नाही."

"मग त्यानं मारल्यावर दुर्बीण हलवली असेल. आम्हाला फसवायला."

"असेल." ओन्नीनं चकती फिरवायला घेतली. खरं तर गरज नव्हती, पण हाताला सवय. तो मोजत गेला. चाळीस, पन्नास, चौपन्न, पंचावन्न.

छप्पन्नला येऊन त्याची जीभ थांबली. हाच आकडा चार दिवसांपूर्वी याच जागी, याच थंडीत, याच जिभेवर आला होता.

"काय झालं?" बोड्रीनं विचारलं.

"काही नाही," ओन्नी म्हणाला. "छातीत कळ आली. लिओ, मला दोन माणसांशी बोलायचंय. मग कागद देतो."

४

कोठडीत ताउनो भिंतीला टेकून बसला होता. समोर लेम्पीनं पाठवलेला डबा न उघडता पडलेला.

"तू त्या सकाळी कुठे होतास?"

"नदीवर. सापळे बघायला. सहाला निघालो, दहाला आलो. मिस्त्री, हे मी यांना चाळीस वेळा सांगितलंय."

"रायफल?"

"भिंतीवर. मिंकला रायफल लागत नाही."

"दाराला कुलूप?"

ताउनो कोरडं हसला. "काय चोरणार माझं? रिकामे डबे?"

"तू दुर्बिणीचे स्क्रू कधी सोडवलेस का?"

"मी? तुम्हीच ना बजावलं होतंत, लाखेला नख लावलंस तर बोटं मोडीन म्हणून." मग तो थोडा पुढे सरकला. "मिस्त्री, खरं सांगा. तुम्हाला वाटतं मी मारला त्याला?"

"नाही."

"पहिला माणूस," ताउनो म्हणाला आणि पुन्हा भिंतीला टेकला.

विल्बर्ट खाणीच्या फाटकाशी भेटला, दुपारच्या पाळीला निघालेला. ओन्नीला मनातून फार वाटत होतं की विल्बर्टच्या तोंडून असं काही यावं, की जे डोक्यात घुसलंय ते खोटं ठरावं. विल्बर्टचंही एल्मरशी पटत नव्हतं. खाणीत मुकादम म्हणून त्यानं एल्मरला दोनदा दंड केला होता, आणि एल्मरनं त्याच्या गाडीच्या काचेवर शेण फासलं होतं.

"हो, भांडायचो आम्ही," विल्बर्ट म्हणाला. "पण वीस वर्षं एकाच कॅम्पात झोपलो. त्याच्या घोरण्यावरून मी त्याला कधीच गोळी घालायला हवी होती. तेव्हा घातली नाही."

"नीलोची रायफल पहिल्या दिवसाच्या आधी कशी चालत होती?"

"कशी म्हणजे? गुरुवारी संध्याकाळी उजेड असताना आम्ही पैज लावली. तंबाखूच्या डब्याचं झाकण, शंभर पावलं. पठ्ठ्यानं पहिल्याच गोळीत उडवलं. एल्मरनं टाळ्या वाजवल्या." विल्बर्टचा आवाज बारीक झाला. "का हो? काय झालं?"

"आणि शुक्रवारी सकाळी कोण कुठे बसला होता?"

"मी रस्त्याकडे. एल्मर दलदलीत. नीलो टेकडीवर, एल्मरच्या समोर. म्हणजे काय, आपल्या ठरलेल्या जागा." त्यानं ओन्नीकडे रोखून बघितलं. "मिस्त्री, तुम्ही माझी रायफल बघा हवी तर. आत्ता बघा."

ओन्नीनं ती बघितली. कुशीला लोखंडी चकती, त्यानं स्वतः बसवलेली, दोन खोल भोकांत. ताउनोची म्हणून जप्त झालेल्या रायफलीची कूस साफ होती. कुणी कितीही घासलं तरी पोलादातलं भोक परत भरत नाही. म्हणजे ती विल्बर्टची नव्हती.

आणि तिसरी एकच उरत होती.

५

लेम्पी कणीक मळत होती. ओन्नी आत आला, टोपी न काढता खुर्चीवर बसला. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "लिओ बाहेर गाडीत का बसलाय? आत बोलाव की त्याला."

"लेम्पी, आपल्या नीलोच्या रायफलीवरची दुर्बीण बदललेली आहे. म्हणजे रायफल बदललेली आहे. ताउनोच्या भिंतीवर होती ती नीलोची. आणि आता नीलोकडे आहे ती ताउनोची."

ती मळत राहिली.

"दोन माणसांनी एकमेकांच्या विजारी घातल्या," ओन्नी म्हणाला, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं त्याला सांगता येईना. "एकाला चार बोटं आखूड झाली, तर दुसऱ्याला बरोबर चार बोटं लांब होणार. ही चौदा उजवीकडे आणि सहा खाली. ती चौदा डावीकडे आणि सहा वर. आपटलेली दुर्बीण कुठेही जाईल, लेम्पी. पण नेमकी दुसरीच्या उलट, इंचाला इंच, अशी जाणार नाही."

"तुला नक्की माहीत आहे?"

"अजून नाही. ताउनोच्या रायफलीला मागचं भोक पाडताना माझा ड्रिल सरकला होता. पोलाद कडक होतं, आणि माझा हात थकलेला. भोक तिरकं गेलं. मी काडतुसाच्या पितळेची पट्टी कापून बैठकीखाली घातली, वरून घट्ट केलं. बाहेरून दिसत नाही. मी त्याला सांगितलं नाही. कुणालाच नाही." तो थांबला. "बैठक उघडली की कळेल."

लेम्पीचे हात थांबले. पिठाचे हात. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मग उघडू नकोस."

ओन्नीनं टोपी काढून मांडीवर ठेवली. नीलो आठ वर्षांचा असताना त्यांची आई गेली, आणि लेम्पीनं त्याला लग्नाच्या सामानाबरोबर या घरात आणला होता. या टेबलाशी तो लिहायला शिकला होता.

"ताउनो आत आहे, लेम्पी."

"मला माहीत आहे तो कुठे आहे. त्याला डबा मी पाठवते." ती ओरडली नाही. आवाज मात्र फाटला. "दोन्ही वेळा मीच पाठवते!"

 मग तिनं हात धुतले, एप्रन काढला, दारामागचा कोट घेतला.

"मी येते," ती म्हणाली.

आधी ते दुकानात गेले. बोड्रीच्या समोर ओन्नीनं जप्त रायफलीची मागची बैठक सोडवली. भोकं सरळ. पट्टी नाही. त्यानं बोड्रीला ड्रिलचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं, विजारींचं सांगितलं. सांगताना त्याचे कान तापले. अठरा वर्षांत त्यानं कुणापुढे आपलं वाईट काम कबूल केलं नव्हतं. बोड्रीनं वहीत काही लिहिलं नाही. फक्त विचारलं, "तुमचा मेहुणा ना तो?"

"हो."

"मी एकटाही जाऊ शकतो."

"नको," लेम्पी म्हणाली.

६

नीलो अंगणात लाकडं फोडत होता. गाडीतून तिघांना उतरताना बघून त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रोवली आणि हात पुसले. जणू बरेच दिवस तो याच गाडीची वाट बघत होता.

"नीलो, तुझी रायफल आण," ओन्नी म्हणाला.

त्यानं ती आणली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओन्नीनं तिची दुर्बीण उतरवली, मागच्या बैठकीचे स्क्रू सोडवले. बैठक उचलताच पितळेची पट्टी दिसली, नखाएवढी, तेलानं काळी पडलेली. तिच्याखाली तिरकं भोक.

"ही ताउनोची आहे," ओन्नी म्हणाला. "तुझी पोलीस ठाण्यात आहे. त्या झाडातली गोळी तुझ्या नळीतून सुटली."

नीलो पट्टीकडे बघत राहिला. "हे कुणाकुणाला माहीत आहे, दाजी?"

"आज दुपारपर्यंत मला एकट्याला. आता इथे सगळ्यांना."

नीलो खाली बसला. बहिणीकडे त्यानं बघितलं नाही.

"नुकतं फटफटलं होतं. झाडीत तपकिरी काहीतरी हललं. खाली वाकलं, पुन्हा वर आलं. मला शिंग दिसलं, दाजी. शपथेवर सांगतो, मला शिंग दिसलं. मी झाडली." त्यानं हात टेबलावर ठेवले. "आणि मग हाक आली. माझ्या नावानं. नीलो, नीलो. त्याला माहीत होतं ना, समोर मी बसतो ते."

"मग गेला का नाहीस?" बोड्रीनं विचारलं.

"तीन वर्षांपूर्वी मी हरीण समजून एका शेतकऱ्याचा घोडा मारला होता. तेव्हा न्यायाधीश म्हणाले होते, पुढच्या वेळी माणूस असेल. सगळ्या गावासमोर म्हणाले होते. मला वाटलं, आता जाऊ. उठलो. पाय उचलले नाहीत. मग वाटलं, थांबला की जाऊ. तो थांबेचना. मी कान झाकून ओंडक्यामागे बसलो."

चुलीत एक लाकूड खाली ढासळलं. लेम्पी उभीच होती.

"किती वेळ?" ओन्नीनं विचारलं.

"बर्फ पडायला लागेपर्यंत. मग सगळं शांत झालं. आणि मला गोळी आठवली. कुठल्यातरी झाडातून गोळी काढतील, नळीशी जुळवतील. मी ताउनोच्या झोपडीवर गेलो. त्याच्या पावलांच्या खुणा नदीकडे गेलेल्या होत्या. दार उघडं. खिशात पेचकस होता. दुर्बिणी बदलायला दहा मिनिटं लागली. येताना बर्फानं माझ्या खुणा बुजवल्या."

"ताउनोच का?" लेम्पीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "त्यानं तुझं काय वाकडं केलं होतं?"

"काही नाही, ताई. पण त्याला आहे कोण? ना बायको, ना बहीण. मला वाटलं कुणाचं फारसं काही जाणार नाही."

लेम्पीनं पुढे होऊन त्याच्या तोंडात मारली. एकदाच, पूर्ण हातानं. मग आतल्या खोलीत जाऊन त्याच्या लोकरी मोज्यांचे दोन जोड आणि जाड बनियन घेऊन आली, आणि ते त्याच्या कोटाच्या खिशात कोंबू लागली. खिशात मावत नव्हतं, तरी ती कोंबत राहिली.

७

नीलोनं कोर्टात गुन्हा कबूल केला, त्यामुळे खटला असा उभा राहिलाच नाही. न्यायाधीशांनी चुकून लागलेल्या गोळीपेक्षा पुढच्या तासाबद्दल आणि पुढच्या दहा मिनिटांबद्दल जास्त बोलून बारा वर्षांची कैद दिली. लेम्पी दर महिन्याला बसनं त्याला भेटायला जाते. ओन्नीला ती बरोबर ये म्हणत नाही, आणि तो येऊ का म्हणून विचारत नाही. जेवायला वाढते, दुकानात कॉफी आणून देते, हवापाण्याचं बोलते. तेवढंच.

ताउनो सुटला त्या आठवड्यात त्याच्या दारात केकची रांग लागली. ज्यांनी दोन दिवसांपूर्वी त्याला नराधम म्हटलं होतं त्यांनीच आणलेले. त्यानं एकही आत घेतला नाही. ते कोल्ह्यांनी खाल्ले. ओन्नी त्याच्याकडे गेला, उभ्या उभ्या म्हणाला, "तुझ्या रायफलीचं भोक मी तिरकं पाडलं होतं आणि लपवलं होतं. माझी चूक झाली."

ताउनो दाराच्या चौकटीला टेकला.

"म्हणजे तुम्ही नीट काम केलं असतं तर मी जन्मभर आत सडलो असतो," तो म्हणाला. "काय म्हणावं आता तुम्हाला, मिस्त्री?" आणि हसला नाही. वसंतात तो झोपडी विकून पश्चिमेकडे गेला, कुठे ते कुणाला सांगून गेला नाही.

एप्रिलमध्ये, रस्त्यांवर नुसता चिखल असताना, एल्मरची बायको सिल्वी दुकानात आली. हिवाळ्यात ती फारशी कुणाला दिसली नव्हती. एल्मरची रायफल विकायला आली असेल असं ओन्नीला वाटलं, पण तिच्या हातात काही नव्हतं. ती शेगडीपाशी स्टुलावर बसली, हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"ओन्नीकाका, एक विचारायचंय. कोर्टात ते कुणी काढलं नाही. लिओला विचारलं तर तो म्हणाला, आता कशाला." तिनं हातमोज्यांची बोटं एकेक सरळ केली. "डॉक्टर म्हणाले तासभर. नीलो जवळच होता. एल्मर काही बोलत होता का?"

ओन्नीच्या हातात कानस होती. ती त्यानं खाली ठेवली. सांगता आलं असतं, तुझं नाव घेत होता. कुणी खोटं ठरवायला येणार नव्हतं. एकच माणूस आला असता, आणि तो बारा वर्षं येणार नव्हता.

"नीलोला हाका मारत होता," तो म्हणाला. "नीलो, नीलो, एवढंच. त्याच्याकडेच सरपटत निघाला होता."

सिल्वी रडली नाही. बाहेर छपरावरचा शेवटचा बर्फ घसरून धप्पकन पडला आणि दोघंही दचकले. मग तिनं मान हलवली, हळूहळू, एखादं अवघड गणित सुटल्यासारखी.

"म्हणजे त्याला शेवटपर्यंत वाटत होतं," ती म्हणाली, "की कुणीतरी येतंय."

तिनं हातमोजे घातले आणि ती उठली. ओन्नी तिच्याबरोबर दारापर्यंत गेला. चिखलातून रस्त्याच्या कडेकडेनं चालत ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली, तरी तो थंडीत दार उघडं धरून उभा होता.